बाळंतपणावाचून बाळंतीण

आजारपणाला आपल्या समाजात एक प्रकारची प्रतिष्ठा आहे. विषमज्वरातून उठलेला मनुष्य चार दिवस घरचा राजा असतो. त्याच्यासाठी मोसंबी येतात, त्याची चिडचिड क्षम्य ठरते, आणि तो प्रथमच भिंतीला धरून ओसरीवर येऊन बसला म्हणजे जाणारा-येणारा दोन घटका थांबून त्याची विचारपूस करतो. याचे कारण उघड आहे. त्या बिचाऱ्याने रोगाला आमंत्रण दिलेले नव्हते. रोग आला, त्याने तो सोसला, आणि सोसण्याचा मोबदला म्हणून त्याला सहानुभूती मिळाली. परंतु जो मनुष्य धडधाकट असताना, तारीख ठरवून, पदरचे पैसे मोजून आपल्या देहाला जखमा करवून घेतो, त्याचे दुखणे कोणत्या खात्यात जमा करावे? तो अंथरुणावर पडतो खरा, त्याच्या अंगात कळाही येतात. पण तो बरा होतो तो कशातून? गेल्या उन्हाळ्यात सहा आठवडे हा प्रश्न माझ्या उशाशी बसून होता.

एप्रिलच्या अखेरीस मी पोट, कुशी आणि कंबर यांवरील चरबी शोषून काढण्याची शस्त्रक्रिया संभाजीनगरात करवून घेतली. तिला सर्वत्र लायपोसक्शन म्हणतात आणि आपणही तेच म्हणू. कारण 'मेदशोषण' हा शब्द कितीही शुद्ध असला तरी तो ऐकून पुराणातील एखाद्या राक्षसीची आठवण व्हावी. कारणांची कैफियत मी येथे देत नाही. दोन बाळंतपणांनंतर आरशाकडे पाठ करून साडी नेसण्याची सवय ज्या स्त्रियांनी लावून घेतली आहे त्यांना ती सांगावी लागत नाही, आणि इतरांना ती सांगून पटत नाही. एवढे मात्र नमूद केले पाहिजे की, हा स्थूलपणावरचा उपाय नव्हे, हे शस्त्रवैद्यांनी मला पहिल्याच भेटीत बजावले होते. अमेरिकेत सॅम्युएल क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ स्थूल स्त्रियांच्या पोटावरून प्रत्येकी नऊ-दहा किलो चरबी काढून दहा-बारा आठवड्यांनी त्यांची तपासणी केली. त्या तपासणीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या रक्तदाबात किंवा इन्शुलिनच्या कार्यात म्हणण्यासारखा काहीच फरक पडला नव्हता. तेवढीच चरबी उपासाने व श्रमाने झडली असती तर सारे आकडे सुधारले असते. म्हणजे यंत्राने चरबी जाते, पण तिच्याबरोबर जायला हवे ते जात नाही. हे मला ठाऊक होते. मला आकडे नको होते. आकार हवा होता.

या शस्त्रक्रियेचा इतिहासही मी आधी वाचला होता, पण खाटेवर पडल्या-पडल्या तो पुन्हा वाचताना निराळा लागला. १९२० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये शार्ल द्युजारिए नावाच्या शस्त्रवैद्याने एका नर्तकीचे पाय सडपातळ करण्यासाठी तिच्या गुडघ्याभोवतीची चरबी खरवडून काढली. पाय कुजला, तो तोडावा लागला, आणि पुढे कित्येक वर्षे या वाटेला जाण्याचे कोणास धैर्य झाले नाही. सत्तरीत रोमच्या फिशर पिता-पुत्रांनी पोकळ नळीची कल्पना काढली, आणि १९७७ च्या सुमारास पॅरिसमध्येच इव्ह-जेरार इलूझ यांनी टोक बोथट केलेली नळी वापरण्यास सुरुवात केली. सगळी मेख त्या बोथटपणात आहे. धारदार पाते नस पाहत नाही आणि शीर पाहत नाही. बोथट नळी त्यांना बाजूला सारीत मऊ चरबीतून वाट काढते. पुढे कॅलिफोर्नियाच्या जेफ्री क्लाइन यांनी १९८७ साली आणखी एक युक्ती प्रसिद्ध केली. बधिर करणारे औषध आणि रक्तवाहिन्या आकुंचित करणारे ॲड्रेनलिन मिठाच्या भरपूर पाण्यात कालवून ते आधी कातडीखाली भरायचे, म्हणजे चरबी फुगते, रक्तस्राव नाममात्र होतो आणि पुढे कित्येक तास वेदना दबून राहतात. मी त्या बोथट नळीची आणि त्या पाण्याची ऋणी आहे. ज्या नर्तकीचा पाय गेला तिचे मात्र कोणावरही ऋण नव्हते. उलट आम्हा सर्वांवर तिचे आहे, असे मला त्या दुपारी वाटले.

तिसऱ्या दिवशी मी माहेरी, देवगाव रंगारीस, जाण्यास निघाले. दौलताबादचा घाट, खुलताबाद, वेरूळ, कसाबखेडा हा रस्ता माझ्या बालपणापासूनचा ओळखीचा. पण त्यावर एवढे गतिरोधक आहेत हे मला त्या दिवशी पोटाने मोजून कळले. अंगात मानेखालपासून मांडीपर्यंत कातडीला चिकटून बसणारा तो प्रेशर गारमेंट नावाचा पोशाख होता. चरबी निघून गेल्यावर कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये जी पोकळी राहते तीत पाणी साचू नये आणि कातडी खाली नीट चिकटावी, यासाठी तो रात्रंदिवस घालावयाचा असतो. तो कोणी शोधला ते मला माहीत नाही; पण मराठवाड्याच्या मे महिन्यासाठी त्याने तो शोधला नव्हता, हे निश्चित. अंगावर बारीक छिद्रे ठेवलेली होती. त्यांतून दोन दिवस गुलाबी पाणी झिरपले होते आणि चादरींच्या चादरी भिजल्या होत्या. वजनाच्या काट्यावर उभी राहिले तर वजन दीड किलोने वाढलेले! अंगात भरलेल्या पाण्याचा आणि सुजेचा तो प्रताप. सव्वातीन लिटर ऐवज काढून दिल्यावर जमाखर्चात वाढच दिसावी, असा हा व्यवहार.

माहेरी पोहोचले तो अक्षय्य तृतीया तोंडावर आलेली. आमच्या भागावर खानदेशाची छाया आहे. या सणाला लेकी माहेरी येतात. त्यामुळे माझे येणे कोणाला खटकण्याचे कारण नव्हते. खटकले ते माझे चालणे. कमरेत वाकून, दोन्ही हात पोटाशी धरून गाडीतून उतरणारी लेक पाहून आळीतल्या बायका जमल्या, आणि आईने कोणी विचारण्यापूर्वीच जाहीर करून टाकले, "अंतर्गळाचं ऑपरेशन झालंय." माझा या असत्याशी संबंध नव्हता, पण त्याची फळे मला सहा आठवडे चाखावी लागली. अंतर्गळाला गावात फार मोठी परंपरा आहे. समोरच्या घरातील एक वृद्ध गृहस्थ तर त्या अनुभवात माझे ज्येष्ठ बंधूच ठरले. ते रोज सकाळी येऊन 'डाव्या अंगाचं की उजव्या?' येथून सुरुवात करीत आणि जाळी बसवली की नाही, खोकताना कळ येते का, अशी उलटतपासणी घेत. मी मोघम उत्तरे देई. त्यांना अखेरपर्यंत वाटत राहिले की, शहरातील डॉक्टरांनी मला पुरती माहिती दिलेली नाही.

आईने तो पोशाख प्रथम पाहिला तेव्हा ती बराच वेळ त्याचे हुक न्याहाळीत राहिली. मग म्हणाली, "हे तर पोट बांधणंच की गं." बाळंतिणीचे पोट जुन्या नऊवारी लुगड्याच्या पट्टीने घट्ट आवळून बांधावयाचे, ही विद्या तिला तिच्या सासूकडून मिळालेली. माझ्या दोन्ही वेळी तिने स्वतः ते काम केले होते. तिच्या दृष्टीने कोडे सुटले. मी बाळंतीण होते. फक्त बाळ नव्हते. त्या क्षणापासून मला बाज मिळाली, डोक्याला रुमाल मिळाला, कोमट पाणी मिळाले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ताटलीत डिंकाचे दोन लाडू समोर आले. मी त्या लाडवांकडे पाहिले. तुपाने ते चकाकत होते. जे काढण्यासाठी मी एवढा खटाटोप केला तेच गोळे करून, वर खसखस लावून, मला परत देण्यात येत होते. "आई, अगं हे कसं खाऊ?" म्हटले. "का? दात तर काढले नाहीत ना?" ती म्हणाली. जखम भरून येण्यास प्रथिने हवीत, मीठ कमी हवे, पाणी पुष्कळ हवे, हा डॉक्टरांचा कागद मी तिला वाचून दाखविला. तिने तो शांतपणे ऐकला आणि लाडू अर्धा केला. तडजोड म्हणून मी तो खाल्ला, आणि खरे सांगावयाचे तर शस्त्रक्रियेनंतर तोंडाला चव आली ती त्या घासाने.

पाचव्या-सहाव्या दिवशी अंगावर रंग उतरू लागले. आमच्या गावाच्या नावात रंगारी आहेत. नावावरून पाहता येथे कधीकाळी कापड रंगविणाऱ्यांची वस्ती असावी. न्हाणीघरात प्रथमच तो पोशाख काढला, घेरी आली म्हणून पाटावर बसले, आणि खाली पाहिले तर जणू त्या रंगाऱ्यांनी रात्रीतून माझ्यावर हात चालविला होता. कुशीवर नीळ, त्याखाली मंजिष्ठेचा काळसर तांबडा, आणि नळीने जेथे स्पर्शही केला नव्हता त्या मांड्यांवर जांभळे ओघळ. कातडीखाली सांडलेले रक्त उतरणीच्या पाण्यासारखे खाली खाली जाते. मग त्यातील रंगद्रव्य मोडू लागते. त्याचे प्रथम हिरवे पित्तद्रव्य होते, नंतर पिवळे. त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात मी कैरीच्या रंगाची झाले आणि तिसऱ्यात हळदीच्या. नवरीला हळद वरून लावतात, मला ती आतून लागली. आई रोज अंग पुसताना रंगाची खबर घेई. "आज हिरवं कमी झालं," असे ती अशा समाधानाने म्हणे की, शेजारी ऐकता तर अंतर्गळाविषयीचे त्यांचे सारे ज्ञान डळमळते.

एके दुपारी ओसरीवर भेंडी चिरता-चिरता तिने विचारले, "मग ते काढलेलं गेलं कुठं?"

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि मीही कोणाला विचारला नव्हता. मी सांगितले की, शरीरातून काढलेले असे सारे इस्पितळात पिवळ्या पिशवीत भरतात, मग ते भट्टीकडे जाते, तेथे जाळतात. ती विळी थांबवून माझ्याकडे पाहू लागली.

"जाळलं?"

"हो."

"म्हणजे तू इथं बसलीस आणि तुझं थोडं आधीच जाऊन आलं."

मी हसले, पण ती हसली नाही. थोड्या वेळाने ती आपल्या बोटांकडे पाहत बोलू लागली. १९७२ च्या दुष्काळात ती पंधरा वर्षांची होती. वैजापूर तालुक्यातील तिच्या माहेरी विहिरी आटल्या, गुरे सोडून दिली, आणि सारे घर दुष्काळी कामावर खडी फोडण्यास गेले. तेथे सुकडी मिळे. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळे, तिची भाकरी थापताच तुटे. हे मी लहानपणापासून ऐकलेले होते. पण त्या दुपारी तिने एक नवी गोष्ट सांगितली. त्या वर्षी तिची पाळी सहा महिने बंद होती. कामावरच्या कितीएक मुलींची होती. कोणी बोलले नाही; अंगावर मांस नाही तर दुसरे काय होणार, असे म्हणून म्हाताऱ्यांनी विषय संपविला. "अंगावर एवढं असतं तर," असे म्हणून तिने चिमटीने माझा दंड धरला, "तर आम्हाला त्या सालात काय पाहिजे होतं?"

ती मला बोलत नव्हती, हे मला तिच्या स्वरावरून कळत होते. तिचा हेतू दोष देण्याचा असता तर मला उत्तर देता आले असते.

त्या म्हाताऱ्यांचे म्हणणे शास्त्रातही बसते. चरबी म्हणजे अंगावर चढलेले निरुपयोगी ओझे, ही समजूत १९९४ साली पार मोडली. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन यांनी चरबीच्या पेशींतून निघणारा लेप्टिन हा पदार्थ शोधून काढला. त्याच्या द्वारे चरबी मेंदूला आपली शिल्लक कळवीत असते. शिल्लक फार खाली गेली की मेंदू खर्च आवरतो, आणि संततीचा खर्च सर्वांत आधी आवरतो. आपल्याकडील वैद्यकाने मेदाला सात धातूंत स्थान दिले होते, कचऱ्यात नव्हे. पण चरकाने निंद्य ठरविलेल्या आठ प्रकारच्या माणसांत अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांनाही बसविले आहे, आणि त्यातल्या त्यात कृश बरा, असा निकाल दिला आहे. बहात्तर साली खडी फोडणाऱ्या मुलीने या निकालावर अपील केले असते.

याहून मला अस्वस्थ करणारी गोष्ट पुण्याची आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि मुले यांचा अभ्यास करीत आले आहेत. त्यांनी या खेड्यांतील नवजात बालकांची इंग्लंडमधील बालकांशी तुलना केली. आपली बालके सरासरी २.७ किलोंची, तिकडची ३.५ किलोंची. आपल्या बालकांचे स्नायू कमी, पोटातील इंद्रिये लहान. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. सारे काटकसरीने दिले आणि हाच एक डबा भरून पाठविला. याज्ञिकांनी पुढे स्वतःचे आणि जॉन यडकिन या आपल्या इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३; पण यडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बारीक दिसणारा आमचा मनुष्य आतून असा असतो. माझे पोट केवळ माझ्या आळसाने वाढले, असे मला पूर्वी वाटे. त्यात कोणाकोणाच्या उपासाची ठेव होती, याचा हिशेब आता लागणे नाही.

आणि शरीर ही ठेव सहजासहजी मोडू देत नाही. २००८ साली स्वीडनमधील संशोधकांनी मोठी गमतीची युक्ती केली. अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे हवेत पसरलेला किरणोत्सारी कार्बन पेशींत किती आहे हे मोजून त्यांनी चरबीच्या पेशींचे वय ठरविले. प्रौढ माणसात दर वर्षी सुमारे दहा टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. एकूण संख्या तारुण्यात ठरते ती ठरते. नळीने ही संख्या घटते. पण उरलेल्या पेशी फुगू शकतात. कोलोरॅडोतील एका अभ्यासात, जो २०११ साली प्रसिद्ध झाला, स्त्रियांच्या मांड्यांवरून आणि ओटीपोटावरून काढलेली चरबी वर्षाच्या आत देहात परतलेली आढळली. ती मांड्यांवर आली नाही. पोटाच्या वरच्या अंगाला जाऊन बसली. घर पाडले तर भाडेकरू शेजारच्या घरात राहण्यास गेला, एवढेच. आईचा लाडू अर्धा का होईना, मी नंतर चालण्याचा नियम धरला तो या भीतीने.

चालणे तसेही सक्तीचे होते. पायांतील शिरांत रक्ताची गाठ धरू नये म्हणून पहिल्या संध्याकाळपासून चालवितात. २०२२ च्या मे महिन्यात बंगळुरात एकवीस वर्षांची एक अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावली, ही बातमी मला पाठ होती. त्यामुळे छातीत जरा धडधडले की मी नाडी मोजीत बसे. तिसरा आठवडा सर्वांत वाईट गेला. वेदना ओसरल्या होत्या, पण पोट लाकडासारखे कठीण आणि ओबडधोबड लागे, त्यावर हात ठेवला तर तो परक्याच्या अंगावर ठेवल्यासारखा वाटे. मधूनच एखादी नस जागी होऊन सुईसारखी टोची, आणि मग खाज सुटे, ती पोशाखावरून खाजविता येत नसे. सूज इतकी की, पूर्वीचे पोट बरे होते असे वाटावे. खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी दिसतो, हे कागदावर लिहिलेले होते. पण रात्री दोन वाजता वीज गेलेली, अंगाला तो तंग पोशाख, अंगणात खाट, आणि वर ढळढळीत तारे. अशा वेळी कागदावरचे महिने उपयोगी पडत नाहीत. तेव्हा मनाला एक विलक्षण उदासी येई. रडावे तर कोणापुढे? आजारी माणसाला रडण्याचा हक्क असतो. आई मात्र अशा वेळी उठून बसे, काही न विचारता पंख्याने वारा घाली आणि पुन्हा पडे. तिच्या हिशेबी बाळंतिणीला असे होतेच.

पाचव्या आठवड्यात भावाने पहाटेच आम्हा दोघींना गाडीत घालून खुलताबादेस नेले. तेथील भद्रा मारुती निद्रिस्त आहे. सारे मारुती उड्डाणाच्या पवित्र्यात, हा एकटा शेंदूर लावून आडवा पडलेला. महिनाभर पडून असलेल्या मला त्याच्याविषयी अकस्मात बंधुभाव वाटला. परतताना ऊन चढण्यापूर्वी वेरूळला उतरलो. रामेश्वर लेण्याच्या दाराशी मकरावर उभी असलेली गंगा मी अनेकदा पाहिली होती. त्या दिवशी मी तिची कंबर पाहिली. शिल्पकाराने पोटावरची वळी मुद्दाम ठेवली आहे. ती झाकण्याची तिला घाई नाही. आत सप्तमातृका आहेत, त्यांच्याजवळ लंबोदर गणपती आहे, आणि शेजारीच काळ आणि काळी यांच्या केवळ हाडांच्या आकृती आहेत. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. मी गणपतीपाशी रेंगाळले. आई त्या सांगाड्यांपुढे उभी राहिली, आणि सहज, एखाद्या ओळखीच्या माणसाकडे बोट दाखवावे तशी म्हणाली, "हे आमचं बहात्तर साल."

परतीच्या वाटेवर माझ्या मनात संत बहिणाबाई होती. ती याच देवगावची. १६२८ साली येथे आऊजी कुलकर्ण्यांच्या घरी जन्मली, आणि तिची समाधी जवळच शिऊरला आहे. मराठीत आपले जीवन आपल्या मुखाने सांगणाऱ्या पहिल्या स्त्रियांत तिची गणना होते. लहानपणीच तीस वर्षांच्या बिजवराशी लग्न, कोल्हापुरास वासरू मेल्यावर दिवसचे दिवस निश्चेष्ट पडून राहणे, तुकोबांचा स्वप्नात अनुग्रह, नवऱ्याचा मार आणि पुढे त्याच्याच आजारात त्याची शुश्रूषा. हे सारे तिने अभंगांत सांगितले, आणि स्त्रीचा देह मिळाल्यामुळे वेदांची दारे बंद झाली ही खंतही सांगितली. अखेरीस मुलाला तिने आपले मागले बारा जन्म सांगितले. बारा देह टाकून तेरावा धरलेल्या त्या बाईला माझ्या सव्वातीन लिटरांचे काय वाटले असते, याची कल्पना करण्याचा मी प्रयत्न केला आणि तो सोडून दिला. देहाची अडचण तिला होती आणि मलाही. यापलीकडे आमचे नाते मला जोडता येईना.

त्याच आठवड्यात माझी मुलगी परीक्षा संपवून आजोळी आली. ती सतरा वर्षांची आहे, आणि माझ्या डोळ्यांना तर ती वाळकीच दिसते. दुसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या दाराशी उभी राहून तिने मला विचारले, "आई, अठरा पूर्ण झाली की मलाही करता येईल ना?"

मी तिला आत बोलावले, दार लावले आणि पोशाखाचे हुक काढले. हळदीचा रंग अजून पुरता गेलेला नव्हता. कठीण झालेल्या जागांवर मी तिचा हात ठेवला. रात्री कशा गेल्या ते सांगितले, बंगळुरच्या मुलीची हकीकत सांगितली. तिने सारे ऐकून घेतले, आणि मग माझ्याकडे सरळ पाहून विचारले, "मग तू का केलंस?"

"माझं वय पंचेचाळीस आहे," मी म्हटले, "आणि माझं कारण माझं होतं. तुझं कारण कोणाचं आहे?"

ती काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने तिने आपल्या वर्गातील एका मुलीचे नाव घेतले आणि तिने सर्वांदेखत उच्चारलेला एक शब्द सांगितला. तो येथे लिहिण्यासारखा नाही. एवढ्याशा शब्दाने या पोरीने दोन महिने रात्रीचे जेवण अर्धे केले होते, आणि मला माझ्या जखमांच्या नादात ते दिसण्यापूर्वी आईला दिसले होते. कारण त्या दिवशी जेवताना तिने नातीच्या पानातील आमरसाची वाटी, न विचारता, काठोकाठ भरली. मुलीने वर पाहिले. आजी तिच्याकडे पाहत नव्हती, पोळी तव्यावर टाकत होती. वाटी रिकामी झाली की नाही, हे मी मुद्दाम पाहिले नाही. रात्री दोघींच्या खाटा अंगणात शेजारी-शेजारी होत्या, आणि बहात्तर सालच्या सुकडीचा वास कसा येई, हे आई तिला सांगत असलेली मला झोपेत ऐकू आली.

सहा आठवडे संपले त्या दिवशी मृगाचे ढग भरून आले होते. भाऊ आल्याच्या लागवडीसाठी सरी पाडून बसलेला, सारे गाव आकाशाकडे पाहत होते. मी पोशाख कायमचा उतरवला. आईने तो रिठ्याच्या पाण्यात धुतला आणि अंगणातल्या दोरीवर, भर रस्त्यासमोर, वाळत घातला. "आत घाल ना," मी म्हटले. "वाळायला नको?" ती म्हणाली.

समोरच्या घरातले वृद्ध गृहस्थ नेहमीप्रमाणे आले, आणि दोरीपाशीच थबकले. हुकांची ती लांबलचक रांग पाहून त्यांनी अंतर्गळाचा पट्टा असा नसतो, असे अधिकारवाणीने सांगितले. आईने हातातले सूप खाली ठेवले.

"अंतर्गळ नाहीच," ती म्हणाली. "पोटावरची चरबी काढून घेतलीय लेकीनं. मशीननं."

गृहस्थ काही क्षण स्तब्ध राहिले. मग त्यांनी माझ्याकडे, पोशाखाकडे आणि पुन्हा माझ्याकडे पाहिले. "किती लागले?" त्यांनी विचारले.

आईने आकडा सांगितला. मी तिला जो सांगितला होता त्याचा तो बरोबर निम्मा होता.